देईल त्याची पाळी आधीं: ई-म्यूलचा इतिहास

इतिहास म्हटला कीं राज्यें, लढाया, तह आणि सनदा यांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आजच्या भाषणाचा विषय त्या मानानें फारच लहान आहे. एका संगणकीय प्रोग्रामाची ही हकीकत आहे. त्याच्यामागें सैन्य नव्हतें, भांडवल नव्हतें, कचेरीसुद्धां नव्हती. तथापि लक्षावधि अनोळखी माणसांनीं एकमेकांना कांहीं द्यावें, एकमेकांकडून कांहीं घ्यावें, आणि हें सर्व कोणा मध्यस्थाच्या हुकुमावांचून चालावें, हा जो प्रश्न त्यानें हातीं घेतला तो मात्र लहान नाहीं. या प्रोग्रामाचें नांव ई-म्यूल. म्यूल म्हणजे खेचर. आणि हें नांव त्याला कां पडलें तें कळावयास आधीं एका गाढवाची गोष्ट ऐकली पाहिजे. पण गाढवाच्याहि आधीं दोन घटना घडून गेल्या होत्या, त्या प्रथम सांगतों.

१९९९ सालच्या जून महिन्यांत शॉन फॅनिंग या तरुण अमेरिकन विद्यार्थ्यानें नॅप्स्टर नांवाची योजना लोकांपुढें मांडली. गाण्यांच्या फाईली लोकांच्या घरच्या संगणकांवरच राहत, आणि तेथूनच परस्पर एका घरांतून दुसऱ्या घरांत जात. मात्र कोणतें गाणें कोणाच्या घरीं आहे याची सूची कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे सर्वांच्या मागण्या ऐकून घेणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर, असे. पुस्तकें घरोघर विखुरलेलीं, पण त्यांची सूची एकाच कारकुनाच्या मेजावर, असा हा प्रकार होता. ध्वनिमुद्रणाच्या कंपन्यांनीं फिर्याद केली. २००१ च्या फेब्रुवारींत अपील-न्यायालयाचा निकाल नॅप्स्टरच्या विरुद्ध गेला. आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें तो कारकून मेजावरून उठला. कारकून उठतांच घरोघरचीं पुस्तकें असून नसल्यासारखीं झालीं.

सूचीच ठेवूं नये, असा एक प्रयोग या सुमारास झालेला होता. २००० च्या मार्चमध्यें जस्टिन फ्रॅंकेल आणि टॉम पेपर यांनीं नुटेला ही योजना प्रसिद्ध केली. तींत प्रत्येक संगणक आपल्या शेजाऱ्याला विचारी, तो शेजारी त्याच्या शेजाऱ्याला विचारी, आणि विचारणा अशी हातोहात पुढें जाई. मध्यच नाहीं, तेव्हां घाव कोठें घालावा हा प्रश्न फिर्यादींपुढें राहिला. परंतु या जाळ्याला निराळाच रोग जडलेला आढळला. त्याच वर्षीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत एटन एडार आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनीं या जाळ्याची पाहणी केली. तींत असें दिसलें कीं सुमारें ७० टक्के लोक दुसऱ्यास कांहींच देत नव्हते, आणि जवळजवळ निम्मीं उत्तरें अवघ्या १ टक्का लोकांच्या संगणकांवरून येत होतीं. पंक्तीला सगळे बसलेले, वाढावयाला मात्र कोणीच उठत नाहीं, अशी ही अवस्था होती. कायद्याचा घाव चुकविणें एक वेळ साधेल, पण वाढपी मिळविणें त्याहून कठीण, हें त्या आंकड्यांनीं उघड केलें.

आतां गाढवाकडे वळूं. २००० च्या सप्टेंबरमध्यें जेड मॅकालेब यानें ई-डॉंकी नांवाचा प्रोग्राम काढला. न्यूयॉर्कमधील मेटामशीन ही त्याची कंपनी. या गाढवाचा गुण त्याच्या नांवाला शोभेसा होता: तें जड ओझीं वाहून नेई. चित्रपटाएवढी अवाढव्य फाईल एकाच घरून आणावी तर दिवसेंदिवस लागावयाचे. ई-डॉंकी तिचे तुकडे पाडून निरनिराळ्या घरांहून एकदम आणी, आणि जो तुकडा हातीं आला तो लगेच पुढें दुसऱ्यास देऊंहि लागे. सूचीचे सर्व्हरहि एकाच्या मालकीचे नव्हते; ज्याला हौस असेल त्यानें आपला सर्व्हर उभा करावा. मूळ प्रोग्रामाची रचना मात्र कंपनीनें आपल्या मुठींत ठेवली होती. आंतील दोष दिसला तरी बाहेरच्या माणसाला तो दुरुस्त करतां येत नसे.

या उणीवेनें अस्वस्थ झालेल्या माणसांत हेंड्रिक ब्राइटक्रॉइट्स हा जर्मन प्रोग्रामर होता. 'मेर्कुर' या टोपणनांवानें तो वावरे. १३ मे २००२ रोजीं त्यानें स्वतःचा प्रोग्राम लिहावयास घेतला. त्याच जाळ्यावर चालणारा, पण गाढवाच्या उणिवा भरून काढणारा असा तो असावयाचा होता. म्हणून त्याला खेचराचें नांव मिळालें. ६ जुलै २००२ रोजीं त्याची मूळ आज्ञासंहिता सोर्सफोर्ज या सार्वजनिक भांडारांत ठेवण्यांत आली. ज्या परवान्यानें ती प्रसिद्ध झाली त्याची अट थोडक्यांत अशी: कोणीहि ही संहिता वाचावी, बदलावी, वांटावी, पण बदललेली प्रत लोकांना दिली तर तिची संहितासुद्धां तशीच खुली ठेवावी. विद्या दडवूं नये, एवढाच त्याचा अर्थ. निसर्गांत खेचराला संतति होत नाहीं. या खेचराचा वंश मात्र थोड्याच काळांत इतका फोफावला कीं त्याची वंशावळ लावणें कठीण. लिनक्स वापरणाऱ्यांसाठीं एल-म्यूल निघाला, त्यांतून एक्स-म्यूल, आणि २००३ सालीं त्यांतून ए-म्यूल. शिवाय हौशी मंडळींनीं केलेल्या लहानमोठ्या सुधारित आवृत्त्या वेगळ्याच.

या प्रोग्रामाचें खरें मर्म त्याच्या रांगेंत आहे, आणि त्याविषयीं थोडें सविस्तर बोललें पाहिजे.

आपल्याजवळ एखादी दुर्मिळ फाईल असली म्हणजे ती मागणारे शेंकडो लोक दारांत उभे राहतात. घरगुती जोडणींत बाहेर पाठविण्याची वाट अरुंद असते, त्यामुळें एका वेळीं मोजक्याच लोकांना देतां येतें, बाकीच्यांनीं थांबावयाचें. आतां या रांगेचा नियम काय असावा? आधीं आला त्याला आधीं, हा नियम सरळ खरा, पण त्यांत देणारा आणि फुकट खाणारा यांची किंमत सारखीच होते. १४ सप्टेंबर २००२ रोजीं निघालेल्या आवृत्तींत ई-म्यूलनें यावर एक तोड काढली. रांगेंतील प्रत्येकाचा मान तो किती वेळ थांबला यावर ठरावा, पण त्या वेळाला एका अंकानें गुणावें. आणि तो अंक त्या माणसानें पूर्वीं आपल्याला काय दिलें यावरून काढावा.

तो अंक काढण्याची रीत अशी. त्यानें आपणांस जितकें दिलें त्याची दुप्पट करून, आपण त्यास जितकें दिलें त्यानें तिला भागावयाचें. मग त्यानें दिलेल्या मेगाबाइटांत दोन मिळवून त्या बेरजेचें वर्गमूळ काढावयाचें. या दोहोंपैकीं जी संख्या लहान ती धरावयाची; मात्र ती १ हून कमी होऊं द्यावयाची नाहीं आणि १० हून अधिकहि होऊं द्यावयाची नाहीं. समजा, एकानें आपणांस ४० मेगाबाइट दिले आणि आपणांकडून १० घेतले. पहिल्या रीतीनें अंक आला ८. दुसरीनें ४२ चें वर्गमूळ, म्हणजे साडेसहाच्या जवळपास. लहान तो धरला. याचा अर्थ, हा गृहस्थ आपल्या दारीं एक तास उभा राहिला तर त्याला जवळजवळ साडेसहा तास उभें राहिल्याचा मान मिळावयाचा. वर्गमूळ कां, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. देणें चौपट झालें तरी मान साधारण दुपटीनेंच वाढतो. ज्याच्या घरीं मोठी जोडणी आहे त्यानें केवळ त्या जोरावर सगळी रांग बळकावूं नये, अशी ही तजवीज दिसते.

आतां या व्यवहाराची वही कोणाजवळ असते तें पाहा. आपल्या खेड्यांत सावकाराची वही सावकाराच्या घरीं असे, आणि तींत काय लिहिलें आहे हें ऋणकोला बहुधा वाचतांहि येत नसे. ई-म्यूलमध्यें नेमकें उलट आहे. ज्यानें घेतलें त्याच्याच संगणकावर नोंद होते कीं अमक्यानें मला इतकें दिलें. ज्यानें दिलें त्याला आपली पत स्वतःच्या घरीं पाहतांहि येत नाहीं आणि फुगवितांहि येत नाहीं. वही ऋणकोकडे, आणि तरीहि ती खरी! कारण तींत खोटें लिहून ऋणकोला लाभच कांहीं नाहीं. पुढें कोणी दुसऱ्याचें नांव सांगून त्याची पत चोरूं नये म्हणून प्रत्येक संगणकाला एक गुप्त किल्ली आणि तिच्या जोडीची एक उघड किल्ली देण्यांत आली. गुप्त किल्लीनें केलेली सही उघड किल्लीनें पडताळून मगच ओळख मान्य व्हावयाची.

या पद्धतींतील उणें असें कीं पत एकाची दुसऱ्याजवळ चालत नाहीं. आपण पुण्यांत कोणाला भरभरून दिलें म्हणून मिलानमधला अनोळखी मनुष्य आपणांस पुढें घेत नाहीं. त्याच्या वहींत आपलें पान कोरेंच असतें. त्यामुळें नवख्याला फार थांबावें लागे, कधीं कधीं दिवसचे दिवस. पण मला या नियमांतली एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. गुणकाचा अंक १ च्या खालीं कधींच जात नाहीं. ज्यानें कांहींच दिलें नाहीं त्यालाहि हांकलून देत नाहींत. तो जितका थांबला तितकें थांबल्याचें श्रेय त्याला मिळतें. शिक्षा नाहीं, फक्त विलंब. जुन्या मंदिरांतील प्रसादाची पंगत बहुधा अशीच चाले.

जोडीला आणखी एक अंकुश होता. जो आपला बाहेर पाठविण्याचा वेग सेकंदाला ४ किलोबाइटांच्या खालीं ठेवी, त्याला त्याच्या तिपटीपेक्षां अधिक वेगानें घेतां येत नसे. १० च्या खालीं ठेवणाऱ्यास चौपटीपर्यंत मुभा. त्यापुढें मर्यादा नाहीं. अर्थात् संहिता खुली असल्यामुळें ती बदलून हे अंकुश काढून टाकणारे महाभागहि निघाले. घ्यावयाचें सर्व आणि द्यावयाचें कांहीं नाहीं, अशा आवृत्त्या त्यांनीं सजविल्या. त्यावर दुसऱ्या मंडळींनीं अशा आवृत्त्या ओळखून त्यांना रांगेंतून वगळणाऱ्या आवृत्त्या काढल्या. खुलेपणानें चोराला जें हत्यार दिलें तेंच पहारेकऱ्यालाहि दिलें.

बिटटोरंट हा याच काळांतील दुसरा प्रसिद्ध प्रोग्राम. ब्रॅम कोहेन यानें तो २००१ च्या जुलैमध्यें प्रसिद्ध केला. त्याचा न्याय रोकडीचा: आतां या घटकेस तूं मला देत असशील तर मी तुला देईन. त्यामुळें नव्या, गाजत्या फाईलीसाठीं तो फारच वेगवान. ई-म्यूलची स्मरणशक्ति दीर्घ आणि चाल मंद. माझ्या मतें यामुळेंच जुन्या, अडगळींत पडलेल्या वस्तु खेचराच्या पाठीवर अधिक काळ टिकल्या. बाजार उठून गेल्यावरहि कोणाच्या तरी घरीं ती एक प्रत असे, आणि मागणारा रांगेंत उभा असे.

फाईलीची ओळख नांवावरून न करतां ठशावरून करावी, हीहि या कुळाची एक रीत. प्रत्येक फाईलीचे ९७,२८,००० बाइटांचे खंड पाडून प्रत्येक खंडाचा गणितानें एक ठसा काढतात, आणि त्या ठशांवरून अखेर एकच ठसा सिद्ध होतो. नांव कोणीं कांहींहि ठेवो, ठसा जुळला कीं वस्तु तीच. पूर्वीं एखाद्या खंडांत एक बाइट जरी बिघडला तरी सबंध खंड पुन्हां आणावा लागे. पुढें प्रत्येक खंडाचे १८० किलोबाइटांपर्यंतचे ५३ लहान तुकडे करून त्यांचेहि ठसे ठेवूं लागले, म्हणजे बिघडला असेल तेवढाच तुकडा बदलावा. नांव एक आणि आंत भलतेंच, असा फसवणुकीचा माल पुष्कळ फिरे. तो ओळखण्यासाठीं वापरणाऱ्यांना फाईलीवर शेरा लिहिण्याची सोय होती. ज्यांच्या घराचें दार बाहेरून येणाऱ्यांस बंद असे त्यांना सर्व्हर लहान क्रमांक देई, आणि असे दोन लहान क्रमांकवाले एकमेकांस कधींच भेटूं शकत नसत: दोघेहि आंतून हांक मारणार, दार कोणीं उघडावयाचें?

सर्व्हर अनेक असले तरी ते होते, आणि जें आहे त्यावर हात पडूं शकतो. हें ओळखून २००४ सालीं ई-म्यूलमध्यें 'काड' हें दुसरें जाळें जोडण्यांत आलें. त्याचा पाया न्यूयॉर्क विद्यापीठांतील पेतर मायमुंकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनीं २००२ सालीं मांडलेल्या कॅडेम्लिया या योजनेंत आहे. त्यांत प्रत्येक संगणकाला आणि प्रत्येक ठशाला एकाच मापाचा लांबलचक क्रमांक असतो. ज्या संगणकाचा क्रमांक ठशाच्या क्रमांकाशीं अधिक जुळतो तो त्याच्या 'जवळ' समजावयाचा, मग तो प्रत्यक्षांत सातासमुद्रांपलीकडे कां असेना. आणि त्या ठशाची माहिती त्यानें सांभाळावयाची. शोधणारा ज्याला विचारतो तो त्याला आपल्याहून अधिक जवळच्याचा पत्ता देतो, आणि दर पावलीं शोधाचें क्षेत्र निदान निम्मे होतें. दहा लाख संगणकांच्या जाळ्यांतहि वीसेक पावलांत पत्ता लागतो. सूची आहे, पण ती सर्वांच्या घरीं थोडी थोडी आहे. नॅप्स्टरचा तो कारकून येथें लक्षावधि तुकड्यांत वांटला गेला.

ही तयारी वेळेवर झाली. २७ जून २००५ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ग्रॉकस्टर खटल्यांत निर्णय दिला कीं, लोकांनीं हक्कभंग करावा या हेतूनें जो साधनाचा प्रसार करील तो त्या हक्कभंगाला जबाबदार. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें मेटामशीनचे प्रमुख सॅम येगन यांनीं सेनेटच्या समितीपुढें आपण माघार घेत असल्याचें सांगितलें. आणि २००६ च्या सप्टेंबरमध्यें कंपनीनें ३ कोटी डॉलर देण्याचें कबूल करून ई-डॉंकीचें काम थांबविलें. त्याच्या आधीं, २००६ च्या फेब्रुवारींत, रेझरबॅक-२ हा या जाळ्याचा सर्वांत मोठा सर्व्हर बेल्जियममध्यें पोलिसांनीं जप्त केला आणि त्याच्या चालकाला स्वित्झर्लंडमध्यें अटक झाली. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तसे या सर्व्हरच्या नांवाचे तोतयेहि मागाहून उभे राहिले. गाढव अशा रीतीनें मेलें. खेचर चालतच राहिलें. दंड भरावयास त्याला तिजोरी नव्हती, आणि टाळें ठोकावयास दार नव्हतें. उलट, जोडणी पुरविणाऱ्या कांहीं कंपन्या या वाहतुकीची ओळख पटवून ती मंद करूं लागल्या तेव्हां २००६ मध्यें त्यानें आपलें बोलणें वेष पालटून बोलावयाची विद्याहि आत्मसात् केली.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. या जाळ्यांतून जो माल गेला त्यांतील फार मोठा भाग ग्रंथकार, गायक, चित्रपट-निर्माते यांच्या परवानगीवांचून गेला. ई-म्यूलची वही वाखाणावी तितकी थोडी, पण त्या वहींत देणाऱ्याची नोंद आहे, गाणाऱ्याची नाहीं. ज्यानें गाण्याची प्रत पुढें ढकलली त्याला मान. ज्यानें तें गाणें रचलें, त्यासाठीं गळा झिजविला, त्याच्या नांवाचा रकानाच कोणीं आंखला नाहीं. प्रोग्रामाला फाईलीचा ठसा कळतो, तिचा धनी कळत नाहीं. आणि तो कळावा अशी सोय त्यानें केली असती तर लोकांनीं तो वापरला असता कीं नाहीं, याची मला शंका आहे. दुसऱ्या बाजूनें हेंहि खरें कीं जीं पुस्तकें कोणी छापीत नाहीं, जीं ध्वनिमुद्रणें कोणी विकीत नाहीं, त्यांचा धनी असून नसल्यासारखा असतो. तीं या रांगेंत जिवंत राहिलीं. हे दोन दावे एकमेकांना खोडीत नाहींत. दोन्ही एकाच वेळीं खरे आहेत, आणि त्यांचा निवाडा वर्गमूळ काढून होण्यासारखा नाहीं.

स्पेनमध्यें लोक या प्रोग्रामाला नुसतें 'ला मूला' म्हणत आणि इटलींत 'इल मूलो', म्हणजे आपलें खेचर. या लौकिकाचा लाभ उठवून फुकट मिळणाऱ्या या प्रोग्रामाच्या बनावट प्रती पैसे घेऊन विकणारेहि निपजले. मूळ मंडळींची शेवटची आवृत्ति ७ एप्रिल २०१० रोजीं निघाली. २०१७ च्या मध्यापर्यंत सोर्सफोर्जवरून तो ६८ कोटींहून अधिक वेळां उतरवून घेण्यांत आला होता. मूळ मंडळी थांबल्यावर संहिता खुली असल्याचा उपयोग झाला: कांहीं वर्षांनीं दुसऱ्या स्वयंसेवकांनीं ती उचलली, नव्या संगणकांस मानवेल अशी दुरुस्त केली, आणि आपल्या आवृत्त्या काढल्या. रांगा पूर्वींपेक्षां पुष्कळच आखूड झाल्या आहेत. एखादी जुनी फाईल मागितली तर कधीं जगांत एकाच घरीं तिची पूर्ण प्रत असल्याचें दिसतें, आणि तो संगणक त्या वेळीं बंद असतो.